कोटिंग सुटतंय? बाइंडर बदलण्याआधी हे वाचा

लिथियम-आयन बॅटरीचा इलेक्ट्रोड म्हणजे धातूच्या पातळ फॉइलवर सुकवलेलं पावडरीचं कोटिंग. त्यातले कण एकमेकांना आणि फॉइलला चिकटवून ठेवतो तो बाइंडर. ‘कोटिंग फॉइलला धरत नाही, जरा जास्त चिकट बाइंडर द्या’ असं म्हणत आमच्याकडे भोसरीला येणाऱ्यांत चाकणच्या पायलट लाइनवरचे इंजिनिअर असतात, तसे कॉलेजच्या लॅबमध्ये कॉइन सेल बनवणारे विद्यार्थीही असतात. बाइंडर विकणं हाच आमचा धंदा, तरी आमचा पहिला प्रश्न ड्रायरचा असतो.

बाइंडर लागतो थोडाच. ग्रॅफाइट ॲनोडची (तांब्याच्या फॉइलवरचा ऋण इलेक्ट्रोड) नेहमीची सुरुवातीची रेसिपी घ्या : सुक्या वजनात ९६ टक्के ग्रॅफाइट, १ टक्का कार्बन ब्लॅक, १.२ टक्के सीएमसी (सेल्युलोजपासूनची, पाण्यात विरघळणारी भुकटी) आणि १.८ टक्के एसबीआर (रबराचे बारीक कण, पाण्यातल्या इमल्शनच्या रूपात येतात). शेवटचे दोन्ही बाइंडर लिथियम साठवत नाहीत आणि वीजही वाहून नेत नाहीत. त्यांचं प्रमाण वाढवलं की क्षमता घटते, रोध वाढतो, कणांमधल्या फटी बुजतात. म्हणून ‘अजून एक टक्का टाकू’ हा उपाय आम्ही सगळ्यात शेवटी सुचवतो.

बाइंडर वर का जातो

ओल्या कोटिंगमधलं पाणी वरून उडतं, तसं खालचं पाणी फटींतून वर खेचलं जातं आणि जाताना बाइंडरलाही घेऊन जातं. एसबीआरचे कण ग्रॅफाइटच्या मानाने फारच बारीक, त्यामुळे ते सहज निसटतात. ड्रायर सुरुवातीलाच कडक तापवला तर त्यांना परत खाली पसरायला वेळच मिळत नाही. मग वरच्या बाजूला बाइंडरची साय आणि फॉइलजवळ जेमतेम काहीतरी. कोटिंग जितकं जाड, तितका हा त्रास जास्त.

याची परीक्षा स्वस्तात होते. सुकलेल्या पट्टीवर रुंद टेप लावा, वरून रोलर फिरवा, टेप मागे १८० अंशांत दुमडा आणि एका वेगाने ओढा. टेपला किती काळं लागलं याकडे सगळे बघतात. तुम्ही फॉइलकडे बघा. तांबं लख्ख उघडं पडलं असेल तर बाइंडर फॉइलपाशी उरलेलाच नाही : पहिल्या झोनचं तापमान उतरवा, लाइनचा वेग कमी करा. (फॉइल तेलकट असली तरी असंच दिसतं. शंका असेल तर दुसरा रोल लावून पाहा.) तांब्यावर काळा थर तसाच राहून कोटिंग मधूनच फाटलं, तर मात्र कणांची आपसातली पकड कमी आहे. अशा वेळी मिक्सिंग तपासा, आणि मग बाइंडरच्या प्रमाणाबद्दल आमच्याशी बोला.

मिक्सिंगमधल्या दोन खोडी

सीएमसीची पिशवी पाण्यात एकदम उपडी करू नका. वरून भिजलेल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि कोटिंगवर त्याच खड्डे होऊन उमटतात. पाणी फिरतं ठेवून भुकटी हळूहळू भुरभुरा आणि द्रावण पूर्ण पारदर्शक होऊ द्या. तयार द्रावण साठवूनही ठेवू नका. उन्हाळ्यात त्यात जंतू वाढतात आणि ते पातळ पडतं.

एसबीआर सगळ्यात शेवटी, मंद वेगावर. जोरात घुसळलं तर इमल्शन फुटून पात्याला रबराचे धागे गुंडाळले जातात. डब्यावर ‘गोठू देऊ नका’ असं छापलेलं असतं, ते वाचून पुण्यात हसू येईल. पण भर मेमध्ये उघड्या टेम्पोत दुपारभर तापलेला ड्रमही तितकाच वाया जातो.

कॅथोडसाठी पीव्हीडीएफ, आणि पावसाळा

कॅथोड म्हणजे ॲल्युमिनियम फॉइलवरचा धन इलेक्ट्रोड. त्याचा नेहमीचा बाइंडर पीव्हीडीएफ, म्हणजे फ्लोरिन असलेलं एक प्लास्टिक, एनएमपी या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात. एनएमपी हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यात एनएमसी ८११ (निकेल, मँगनीज, कोबाल्टची कॅथोड पावडर) सारख्या जास्त निकेलच्या पावडरींवर लिथियम हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट उरलेलं असतं. ओलावा मिळाला की हा अल्कली पीव्हीडीएफच्या साखळीतून हायड्रोजन फ्लोराइड काढतो, साखळ्या एकमेकींत गुंततात, रंग तपकिरी होतो आणि स्लरी (कोटिंगचं ओलं मिश्रण) दह्यासारखी लागते. एकदा लागली की लागली; वरून एनएमपी ओतून ती परत येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये याच तक्रारी आमच्याकडे सर्वांत जास्त येतात. पावडर आधी व्हॅक्यूममध्ये सुकवा, एनएमपीचा डबा उघडा ठेवू नका, स्लरी झाली की त्याच दिवशी कोट करा.

एनएमपी कातडीतून शरीरात जातं आणि प्रजननासाठी घातक आहे. ब्यूटाइल रबराचे हातमोजे वापरा, नायट्राइलच्या पातळ मोज्यांवर विसंबू नका. गरोदर स्त्रियांना हे काम देऊ नये.

‘मग कॅथोडही पाण्यातच का करू नये?’ एलएफपीमध्ये (लिथियम आयर्न फॉस्फेट) जमतं, आणि आम्ही ते आवर्जून सुचवतो. निकेलवाल्या पावडरीने मात्र पाणी इतकं अल्कलाइन होतं की ॲल्युमिनियम फॉइल खाल्ली जाते, हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि कोटिंगला टाचणीएवढी भोकं पडतात.

युरोपात माल पाठवणारे हल्ली फ्लोरिन नसलेला बाइंडर मागतात. पीएफएएस या सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांवर व्यापक बंधनं घालण्याचा प्रस्ताव तिथे २०२३ मध्ये आला, आणि त्याच्या व्याख्येत पीव्हीडीएफही बसतं.

ॲनोडमध्ये सिलिकॉन मिसळणार असाल तर

पूर्ण चार्ज झाल्यावर ग्रॅफाइट साधारण १० टक्के फुगतं. सिलिकॉन मूळ आकारमानाच्या जवळजवळ चौपट होतं. इथे पीव्हीडीएफ टिकत नाही, कारण कणांवरची त्याची पकड वरवरची असते. सीएमसी आणि पॉलिॲक्रिलिक ॲसिड यांच्यातले कार्बोक्सिल गट सिलिकॉनच्या पृष्ठभागाशी बंध जोडतात. तपकिरी समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटमध्येही हा गुण आहे, हे जॉर्जिया टेक आणि क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं.

आम्ही पॉलिॲक्रिलिक ॲसिडचं द्रावण लिथियम हायड्रॉक्साइडने अर्धवट उदासीन करून देतो. सुकल्यावर ते ठिसूळ असतं, म्हणून इलेक्ट्रोड वाइंडिंगला लावण्याआधी वाकवून तडे जातात का ते पाहा. ते ओलावाही धरून ठेवतं. सेल बंद करण्याआधी व्हॅक्यूममध्ये नीट सुकवलं नाही तर उरलेलं पाणी इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियमच्या क्षाराशी भिडून हायड्रोफ्लोरिक ॲसिड तयार करतं.

नमुना मागवताना

पावडरचा प्रकार, फॉइलची जाडी, ओल्या कोटिंगची जाडी, ड्रायरच्या प्रत्येक झोनचं तापमान आणि लाइनचा वेग लिहून पाठवा. टेप ओढलेल्या पट्टीचा, फॉइलच्या बाजूचा फोटो सोबत जोडा. एनएमपीची स्लरी कुरिअरने पाठवू नका. कोट करून सुकवलेली पट्टी झिपच्या पिशवीत घालून पाठवली तरी आमचं काम भागतं.