मासे घरी नेण्याआधी पाण्याविषयी

नवी टाकी घेऊन गेलेले ग्राहक आठवड्याभरात परत येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : मासे का मेले? दुकानात चांगले होते, खातही होते. अशा वेळी दोष माशांत क्वचित निघतो, बहुधा पाण्यात निघतो. म्हणून हे पत्रक पाण्याविषयी आहे.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनच्या बाजूला किंचित ऋण आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धन भार असतो. त्यामुळे हे रेणू एकमेकांना धरून राहतात. क्षार, अमोनिया अशा पदार्थांनाही जवळ ओढून विरघळवून घेतात. टाकीतल्या बऱ्याच भानगडींचे मूळ इथे आहे.

स्वच्छ दिसणारे पाणी

मासा आपल्या शरीरातला अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. तो पाण्यात सहज विरघळतो, रंग बदलत नाही, म्हणून पाणी काचेसारखे नितळ असतानाही विषारी असू शकते. नदी-तळ्यात पाणी भरपूर आणि जिवाणूही भरपूर असल्याने तो साचत नाही. तुमच्या टाकीत हे जिवाणू आधी रुजावे लागतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेट त्या मानाने सौम्य. सगळी घडी बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तेवढ्या काळात दोन-तीनच काटक मासे ठेवा, खाद्य चिमूटभर घाला. एकदम डझनभर मासे मागितलेत तर आम्ही नाही म्हणू. विक्री बुडाली तरी चालेल.

हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर राहतात. स्पंज नळाखाली खसाखसा धुतला की नळाच्या पाण्यातले क्लोरीन त्यांना मारते. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो पिळून घ्या. नवे पाणी भरताना अँटी-क्लोरीनचे थेंब वापरा, किंवा साधे क्लोरीन असेल तर पाणी दिवसभर उघड्या बादलीत ठेवा.

आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. उडून गेले तेवढेच वरून भरणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात आणि दाट होत जातात.

उन्हाळा

२० अंशांना एक लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो. ३० अंशांना साडेसात. एक लिटर हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतो, यावरून माशाचा श्वास किती काटकसरीचा आहे ते कळेल. त्यात गरम पाण्यात माशाला ऑक्सिजन जास्त लागतो. एप्रिल-मे महिन्यांत मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघड-मीट करताना दिसले तर एअर पंप लगेच वाढवा. बुडबुड्यांचे मोठे काम म्हणजे पाणी ढवळून वरचा पृष्ठभाग हलता ठेवणे. ऑक्सिजन मुख्यतः तिथूनच आत शिरतो. पृष्ठभागावर तेलकट थर आला असेल तर कागद अलगद टेकवून उचलून घ्या.

पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा त्याला जवळपास साडेतीन हजार पट उष्णता लागते. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलत असल्याने हा संथपणा त्याच्या फायद्याचा. मोठ्या टाकीत तो मिळतो, काचेच्या छोट्या बाऊलमध्ये नाही. म्हणून बाऊल आम्ही विकत नाही. पाणी फार तापले तर बर्फ टाकू नका. वर छोटा पंखा सोडा : वाफ होताना पाण्यातलीच उष्णता जाते, माठात होते तसे. मुंबईत किंवा कोकणात हवा दमट, तिथे फरक कमी पडतो.

बोअरचे पाणी

दख्खनच्या काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त विरघळलेले असते. गप्पी आणि मॉलीला ते मानवते. निऑन टेट्रा मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातला. तो बोअरच्या भरवशावर घेऊ नका. आणखी एक : पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा, ७ वरून ८ वर गेला की अमोनियाच्या विषारी रूपाचे प्रमाण जवळजवळ दसपट होते. जड पाण्याचा पीएच बहुधा ७ च्या वरच असतो, त्यामुळे बोअर वापरणाऱ्यांनी खाद्याबाबत जास्तच हात राखावा.

वजन

२ फूट लांब, १ फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सुमारे ७० लिटर, म्हणजे ७० किलो पाणी मावते. काच आणि खडी वेगळी. प्लास्टिकच्या टेबलावर ठेवू नका.

शंका असेल तर टाकीतले पाणी घेऊन या, आम्ही तपासून देऊ. बाटलीला साबण लावू नका. टाकीतल्याच पाण्याने दोनदा विसळा. मग काठोकाठ भरून बूच घट्ट लावा, कारण आत हवा राहिली तर पीएच बदलू शकतो. त्याच दिवशी आणा.