सागरी मोहीम-पर्यटन

सागरी मोहीम-पर्यटन : धक्का वा बंदर नसलेल्या दुर्गम किनाऱ्यांपर्यंत लहान जहाजाने जाऊन, फुगवलेल्या रबरी होड्यांतून प्रवाशांना उतरवून, तेथील वन्यजीव, ऐतिहासिक अवशेष व वस्त्या जाणकारांच्या सोबतीने दाखविणारा पर्यटनप्रकार. अंटार्क्टिक द्वीपकल्प, दक्षिण जॉर्जिया, गालापागोस, स्वालबार्ड, ग्रीनलंड, अलास्का व न्यू गिनी ही त्याची प्रमुख क्षेत्रे होत. जहाजावर पक्षितज्ज्ञ, भूवैज्ञानिक, इतिहासकार यांचा ताफा असतो व रोज संध्याकाळी त्यांची व्याख्याने होतात. जहाजाचे लहान असणे हे या प्रकाराचे मुख्य लक्षण सांगितले जाते. प्रत्यक्षात सगळा कार्यक्रम बेतला जातो तो एका वेळी किती माणसे किनाऱ्यावर उतरू शकतात यावर.

उगम : या पर्यटनाचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. बहुतेक लेखक स्वीडिश-अमेरिकन प्रवासव्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड (१९२७–९४) यांना जनकत्व देतात. त्यांनी जानेवारी १९६६ मध्ये अर्जेंटिनाचे ‘लापाताया’ हे जहाज भाड्याने घेऊन पन्नासहून अधिक प्रवाशांना अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडे नेले व पुढच्याच वर्षी गालापागोसची सफर काढली. पण अंटार्क्टिकाला गेलेले ते पहिले पर्यटक नव्हेत. अर्जेंटिनाच्या ‘लेस एक्लेरर्स’ या जहाजाने १९५८ मध्ये दक्षिण शेटलंड बेटांकडे पर्यटक नेले होते, आणि त्याही आधी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, फॉकलंड बेटांवरून दक्षिणेकडील बेटांना टपाल नेणाऱ्या ‘फ्लूरस’ या बोटीवर हौशी प्रवासी घेतले जात. उत्तरेत हा क्रम आणखी मागे जातो. १८६९-७० च्या जर्मन ध्रुवमोहिमेत ‘हान्सा’ जहाज बर्फात चिरडले गेले, त्यातून बचावलेले विल्हेल्म बाडे यांनी साधारण १८९१ पासून जर्मन पर्यटकांना स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गनला नेण्यास आरंभ केला.

ही सर्व उदाहरणे ‘ध्रुवाकडे गेलेले प्रवासी’ एवढ्याच निकषावर दिली जातात. टपालबोटीवर तज्ज्ञ नव्हते, शिकवण्याचा हेतूही नव्हता. प्रवासी आणि अभ्यासक एकाच जहाजावर, हे रूप पाहायचे तर १८९९ ची हॅरिमन अलास्का मोहीम अधिक जवळची ठरते. रेल्वे-उद्योगपती एडवर्ड हॅरिमन यांना डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. त्यांनी ‘जॉर्ज डब्ल्यू. एल्डर’ ही आगबोट सजवून कुटुंबासोबत शास्त्रज्ञ, चित्रकार व छायाचित्रकारही नेले. निसर्गलेखक जॉन म्यूर, भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट, पक्षिचित्रकार लुई अगासीझ फ्वेर्टेस व छायाचित्रकार एडवर्ड कर्टिस हे त्यांत होते. एकूण १२६ माणसे ३१ मे रोजी सिअ‍ॅटलहून निघाली व दोन महिन्यांनी परतली. वैज्ञानिक फलित मोठे होते, अहवालाचे अनेक खंड निघाले. खुद्द यजमानाची मुख्य इच्छा अस्वलाची शिकार करण्याची होती व कोडियाक बेटावर ती पुरी झाली.

याच मोहिमेने सांस्कृतिक भेटीचा वाईट नमुनाही घालून दिला. केप फॉक्स येथील ट्लिंगिट या अलास्कातील मूळ रहिवासी लोकांचे गाव रिकामे दिसले, तेव्हा ते कायमचे सोडलेले आहे असे गृहीत धरून मंडळींनी तेथील कोरीव कुलस्तंभ (टोटेम पोल) उपटून जहाजावर चढवले. लोक रोगराईनंतर दुसरीकडे राहायला गेले होते. स्तंभांवरचा हक्क त्यांनी सोडलेला नव्हता. हे स्तंभ निरनिराळ्या संग्रहालयांत गेले. २००१ मध्ये त्याच मार्गाने पुन्हा काढलेल्या सफरीतून ते वंशजांना परत करण्यात आले.

लिंडब्लाड यांचे श्रेय त्यामुळे नाहीसे होत नाही. केवळ याच कामासाठी त्यांनी जहाज बांधून घेतले. फिनलंडमध्ये १९६९ साली तयार झालेले, सुमारे शंभर प्रवाशांचे, लाल रंगाचे ‘लिंडब्लाड एक्स्प्लोरर’ बर्फाळ पाण्यासाठी मजबूत केलेले होते व त्यावर ‘झोडियाक’ या फुगवलेल्या रबरी होड्यांचा ताफा होता. १९८४ मध्ये वायव्य मार्ग (उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडून अटलांटिक व पॅसिफिक महासागरांना जोडणारा सागरी मार्ग) पार करणारे हे पहिले प्रवासी जहाज ठरले.

किनाऱ्यावर उतरणे : होडी शिडीच्या तळाशी लाटेबरोबर वरखाली होत असते. प्रवाशाने हातात काहीही धरायचे नाही. तो खलाशाचा कोपराखालचा हात पकडतो, खलाशी त्याचा, आणि होडी वर आली की पाऊल टाकायचे. दहाबारा जण काठाच्या फुगीर नळ्यांवर बसतात. किनाऱ्याला बहुधा गुडघाभर पाण्यातच उतरावे लागत असल्याने उंच गमबूट अनिवार्य. जाताना व परतताना ते जंतुनाशकात बुडवून ब्रशने घासतात. तळव्यांच्या खाचा, खिशांचे कोपरे, कपड्यांवरच्या चिकटपट्ट्या यांत अडकलेले गवताचे बी चिमट्याने वा व्हॅक्यूम क्लीनरने काढले जाते. ही खबरदारी अवाजवी नाही. पोआ अन्युआ हे युरोपीय गवत किंग जॉर्ज बेटावरील पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळापाशी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून रुजले आहे. अर्थात ते पर्यटकांपेक्षा तळाच्याच वाहतुकीतून आले असावे.

अंटार्क्टिकाच्या पर्यटनाचे नियमन मुख्यतः व्यावसायिकांनीच उभारले. १९९१ मध्ये सात कंपन्यांनी ‘आयएएटीओ’ ही अंटार्क्टिका-सफरी काढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापली. तिचे बरेचसे दंडक पुढे अंटार्क्टिक कराराच्या सदस्य-देशांनी २००९ च्या उपाययोजनेत घेतले : पाचशेहून अधिक प्रवाशांच्या जहाजाने कोणालाही उतरवू नये, एका स्थळी एका वेळी एकच जहाज असावे, किनाऱ्यावर एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी नसावेत, दर वीस जणांमागे एक मार्गदर्शक असावा. दोनशे प्रवाशांच्या जहाजाला त्यामुळे पाळ्या लावाव्या लागतात. एक पाळी किनाऱ्यावर असताना दुसरी होडीतून हिमनगांभोवती फिरते.

वन्यजीव : पेंग्विनपासून ५ मीटर व फर सीलपासून १५ मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. पेंग्विनांना तो ठाऊक नसतो. ते स्वतःहून जवळ आले तर माणसाने जागच्या जागी उभे राहायचे. बर्फात त्यांच्या ये-जा करण्याच्या घळी पडलेल्या असतात. त्या ओलांडताना पक्ष्याला आधी जाऊ द्यायचे, आणि पाय मांडीपर्यंत रुतून पडलेला खड्डा लगेच बुजवायचा, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला वर येता येत नाही. पक्षी-इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू (एच५एन१) ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण जॉर्जियात व फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर निश्चित झाल्यापासून जमिनीवर बसणे, गुडघे टेकणे वा पिशवी ठेवणेही बंद झाले. छायाचित्रकारांची यावर मोठी नाराजी आहे.

गालापागोसमध्ये बंधने सरकारी आहेत व जुनी आहेत. तेथे राष्ट्रीय उद्यान १९५९ मध्ये झाले. प्रवासी जहाजांना शंभर प्रवाशांची कमाल मर्यादा असून परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय बहुतेक स्थळी पाऊल टाकता येत नाही. स्वालबार्डमध्ये नॉर्वेने १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, व १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर सक्तीचे केले. दुर्बिणीतला पांढरा ठिपका म्हणजेच अस्वल, यावर आता तेथील प्रवाशाला समाधान मानावे लागते.

अपघात : २८ जानेवारी १९८९ रोजी पर्यटकांनाही नेणारे अर्जेंटिनाचे ‘बाहिया पाराइसो’ हे रसदवाहू जहाज अमेरिकेच्या पामर तळाजवळ खडकावर आदळले व सुमारे सहा लाख लिटर इंधन सांडले. वर उल्लेखिलेले लाल जहाज, तेव्हा नुसते ‘एक्स्प्लोरर’, २३ नोव्हेंबर २००७ रोजी ब्रॅन्सफील्ड सामुद्रधुनीत बर्फावर आपटून बुडाले. त्यावरील सर्व १५४ जणांना ‘नॉर्डनोर्गे’ या जहाजाने वाचवले. समुद्र शांत होता, ही त्यातली सुदैवाची बाजू. ऑगस्ट २०११ पासून अंटार्क्टिक सागरात जड तेल वाहून नेण्यास व वापरण्यास मनाई आहे. ध्रुवीय जहाजवाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता जानेवारी २०१७ पासून लागू झाली.

संख्या : ‘आयएएटीओ’च्या नोंदींनुसार १९९१-९२ च्या हंगामात सुमारे ६,४०० पर्यटक अंटार्क्टिकाला गेले, २०२३-२४ मध्ये हा आकडा १,२०,००० च्या वर होता. त्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश मोठ्या जहाजांवरचे, किनाऱ्याला न उतरलेले होते.

वस्त्या व अवशेष : अंटार्क्टिकाला मूळ रहिवासी नसल्याने सांस्कृतिक भाग ओसाड तळ व मोहिमांच्या झोपड्यांपुरता राहतो. दक्षिण जॉर्जियातील ग्रिटविकेन या बंद पडलेल्या देवमासे-कारखान्याजवळ अर्नेस्ट शॅकल्टन यांची कबर आहे व तेथे जाणे हा सफरींचा ठरलेला कार्यक्रम असतो. ग्रीनलंडमधील काहीशे वस्तीच्या गावात त्याच्या निम्म्याइतके प्रवासी एकदम उतरतात, तेव्हा प्रश्न निराळे होतात. विचारल्याशिवाय मुलांची छायाचित्रे न घेणे, खिडक्यांतून आत न डोकावणे अशा सूचना २००३ मध्ये स्थापन झालेल्या आर्क्टिक प्रदेशातील सफरव्यावसायिकांच्या संघटनेने (‘एईसीओ’) तयार केल्या. पापुआ न्यू गिनीत सेपिक नदीकाठी जहाज आल्यावर होणारे नृत्य पाहुण्यांसाठी मांडलेले असते, त्यावरून ते खोटे ठरवणे बरोबर नाही. गावाला त्यातून मिळकत होते व मुखवटे कोरणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळते.

भारताच्या संदर्भात दोन कायदे येतात. अंदमान-निकोबारमधील आदिम जमातींच्या राखीव क्षेत्रांत १९५६ च्या विनियमानुसार परवान्याविना प्रवेशास मनाई असल्याने तेथे अशी भेट कायद्यातच बसत नाही. भारतीय अंटार्क्टिक अधिनियम, २०२२ नुसार भारतीय जहाजाला वा मोहिमेला अंटार्क्टिकात जाण्यासाठी परवाना, अथवा करारातील अन्य देशाची लेखी अनुमती, आवश्यक आहे.