दगडीपाल्याचा जखमेवरील वापर

बोट कापले, गुडघा खरचटला की दगडीपाल्याचा रस जखमेवर पिळतात. एकदांडी, कंबरमोडी ही याच तणाची नावे. शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, कुल सूर्यफुलाचे. मूळ उष्णकटिबंधीय अमेरिकेतले.

खोड जमिनीसरपट, केसाळ. पाने समोरासमोर, दातेरी, खरखरीत. खरी खूण फुलाची: वीतभर उंच, बिनपानाच्या दांड्यावर एकच फूल, मधे पिवळे, कडेला बहुधा पाच फिकट पाकळ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. गाजरगवताची पाने बारीक चिरलेली आणि फुले झुपक्यात असतात; ते त्वचेवर पुरळ उठवते. त्याची ॲलर्जी असलेल्यांना दगडीपालाही बाधू शकतो, कुल एकच आहे.

जखम आधी वाहत्या पाण्याखाली धुवावी, मग स्वच्छ फडक्याने दाबून धरावी. सारखे उचलून पाहिले की धरू लागलेली गुठळी सुटते. रस्ता, गटार, फवारलेले शेत टाळून आठ-दहा कोवळी पाने घ्यावीत, चोळून धुवावीत, पाणी झटकावे. धुतलेल्या तळहातावर चुरगळून मुठीत आवळली की हिरवे थेंब गळतात. चार-पाच थेंब पुरतात. थोडे चुरचुरते. वर स्वच्छ पट्टी सैलसर बांधावी.

उपाय बिघडतो तो बहुधा चोथ्यामुळे. तो जखमेवर थापला की पानाचे केस आणि माती आत राहतात. वाळल्यावर काढताना खपलीही निघते. उन्हाळ्यात पाने कोरडी पडतात, रस सुटत नाही, म्हणून काही जण ती चावून लावतात. तोंडातले जंतू जखमेत घालायचा याहून सोपा मार्ग नाही.

उंदरांवरील प्रयोगांत पाल्याचा काही गुण दिसला आहे. माणसांवरचा पुरावा तुटपुंजा आहे. रक्त थांबण्याचे बरेचसे श्रेय दाबून धरण्यालाच द्यावे लागते.

कडा फाकलेली किंवा खोल जखम, प्राण्याचा चावा, भाजणे, डोळ्याजवळचा घाव यांवर रस लावू नये. १०-१५ मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल, किंवा नंतर सूज, ठणका, पू दिसला, तर दवाखाना गाठावा. मधुमेह्यांनी लहान जखमही दाखवावी. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि पाल्याने मरत नाहीत: मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या लशीला ५ वर्षे उलटली असतील, तर इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.