अल्पकार्बन वीजवितरण जाळी : ब्रिटनमधील प्रयोग व त्यांतील धडे

पवनचक्क्या, छतावरील सौर पॅनेल, विजेवर चालणाऱ्या मोटारी व घरे गरम करणारे उष्णता पंप यांची संख्या वाढल्यावर वीजवितरणाचे जाळे ते पेलेल का, आणि न पेलल्यास नव्या वाहिन्या व रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) न टाकता काय करता येईल, हे प्रत्यक्ष ग्राहकांच्या चालू जाळ्यावर तपासण्यासाठी ग्रेट ब्रिटनमध्ये एक प्रयोगमालिका झाली. तिचा मुख्य काळ २०१० ते २०१५ हा धरतात. काही प्रकल्प पुढेही चालू राहिले. उत्तर आयर्लंडचे वितरण वेगळ्या नियामकाकडे असल्याने ते या मालिकेत येत नाही.

उगम : या प्रयोगांची सुरुवात कोठून धरावी याविषयी मतभेद आहेत. नियमनाचा इतिहास लिहिणारे बहुधा १ एप्रिल २०१० हा दिवस धरतात. त्या दिवशी वितरण दरनियंत्रणाचा पाचवा पंचवार्षिक कालखंड सुरू झाला आणि ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने ५० कोटी पौंडांपर्यंतची तरतूद असलेला ‘लो कार्बन नेटवर्क्स फंड’ अमलात आणला. २००८च्या हवामान बदल कायद्याने २०५०पर्यंत उत्सर्जन १९९०च्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले होते, ही त्यामागची निकड. या मताप्रमाणे त्याआधीचे सारे पूर्वतयारीत जमा होते.

दुसरे मत आरंभ २००५पर्यंत मागे नेते. १९९०च्या खासगीकरणानंतर वितरण कंपन्यांचा संशोधनावरचा खर्च नगण्य झाला होता. स्टीफन लिटलचाइल्ड यांनी मांडलेल्या दरनियंत्रण सूत्रात खर्च कमी करील त्याला नफा मिळे. ज्याचे फळ दहा वर्षांनी मिळायचे अशा संशोधनाला त्यात जागा नव्हती. केंब्रिजचे तूरज जमास्ब व मायकेल पॉलिट यांनी ही घसरण तपशिलाने दाखवली आहे. ती थांबवण्यासाठी २००५मध्ये ऑफजेमने दोन योजना आणल्या. एकीत वितरण महसुलाच्या ०.५ टक्क्यापर्यंतचा खर्च संशोधनावर करून त्याचा मोठा भाग दरांतून वसूल करण्याची मुभा होती. दुसरी ‘रजिस्टर्ड पॉवर झोन’ या नावाची होती व तीत नवे तंत्र वापरून वीजनिर्मिती केंद्रे जोडणाऱ्या कंपनीला जादा मोबदला मिळे. असे झोन तीनच झाले : स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटे, नॉरफोकमधील मार्थम आणि लिंकनशरमधील स्केग्नेस–बॉस्टन वाहिनी.

तिसरे मत अभियंत्यांत जास्त ऐकू येते. मागणी एका वेळेकडून दुसऱ्या वेळेकडे वळवण्याचे काम सरकारी मंडळांच्या काळातच झाले होते, असे ते म्हणतात. रात्रीच्या सात तासांना स्वस्त दर देणारी ‘इकॉनॉमी सेव्हन’ पद्धत १९७८मध्ये आली. १९८०च्या दशकापासून बीबीसीच्या लाँगवेव्ह प्रक्षेपणात दडवलेल्या संकेतांनी लाखो घरांतील साठवण हीटर चालू-बंद होत. हे खरे असले, तरी त्या व्यवस्थेत मध्यवर्ती केंद्रांच्या रात्रीच्या शिलकी विजेला गिऱ्हाईक शोधायचे होते. स्थानिक वाहिनीवर किती भार आहे याचा विचार तीत नव्हता. वाहिनीची तत्क्षणीची स्थिती पाहून निर्मिती किंवा मागणी हलवणे हे प्रस्तुत प्रयोगांचे लक्षण मानले, तर दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. केबलवरचा भार पाहून पवनचक्क्यांचे उत्पादन कमी करणारी ऑर्कनीतील यंत्रणा २००९च्या अखेरीस, म्हणजे निधी सुरू होण्याआधीच कामाला लागली होती आणि स्केग्नेस परिसरातच पुढे निधीतून ‘लिंकनशर लो कार्बन हब’ हा प्रकल्प उभा राहिला.

निधीची रचना : ग्रेट ब्रिटनचे वितरण १४ परवाना क्षेत्रांत विभागलेले असून ती निधीच्या बहुतेक काळात सहा कंपनीसमूहांकडे होती. लहान प्रयोगांसाठी प्रत्येक कंपनीला ठरावीक रक्कम होती. मोठ्यांसाठी दरवर्षी स्पर्धा होई व तज्ज्ञ समिती ६.४ कोटी पौंडांपर्यंतच्या प्रकल्पांची शिफारस करी. पैसा अखेर ग्राहकांच्या बिलांतूनच येत असल्याने एक अट कडक होती : जे कळेल ते इतर सर्व कंपन्यांना खुले करायचे. समारोप अहवाल प्रसिद्ध करणे बंधनकारक होते, फसलेल्या भागांसकट. प्रस्तुत लेखकाच्या मते निधीतील सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच. यंत्रे जुनी झाली, काही कंपन्यांची नावे बदलली, पण अहवाल व मोजमापे आजही वापरात आहेत.

लघुदाब जाळ्याचे मोजमाप : प्रयोग सुरू झाले तेव्हा नियंत्रण कक्षाची नजर साधारणतः ११ किलोव्होल्टपर्यंतच पोचत होती. गल्लीतल्या उपकेंद्रात, जेथून घरांना वीज जाते तेथे, बहुतेक ठिकाणी कमाल मागणी दाखवणारी काटेवाली तबकडी एवढेच साधन होते. मागच्या वेळी काटा शून्यावर आणल्यापासून भार सर्वांत जास्त किती झाला, एवढे ती सांगे. तो कोणत्या दिवशी, किती वाजता व किती वेळ, हे सांगत नसे. माणूस क्वचित फेरी मारी, आकडा टिपून घेई आणि काटा मागे फिरवी. अशा नोंदींवरून मोटारींचा भविष्यातला भार ठरवणे अशक्य होते.

वेस्टर्न पॉवर डिस्ट्रिब्युशनने बाथ विद्यापीठासह साउथ वेल्समध्ये आठशेहून अधिक उपकेंद्रांवर व अनेक वाहिन्यांच्या टोकांच्या घरांत मोजणी यंत्रे बसवली. ब्रिटनमध्ये घरगुती व्होल्टेज २३० व्होल्ट, अधिक १० टक्के व उणे ६ टक्के, म्हणजे २१६.२ ते २५३ या मर्यादेत असावे लागते. प्रत्यक्षात ते वरच्या मर्यादेच्या बाजूला झुकलेले आढळले, कारण यंत्रणा जुन्या २४० व्होल्टच्या प्रमाणावर जुळवलेली होती. नियोजक टोकाच्या घराला व्होल्टेज कमी पडेल या भीतीने वागत होते, तर सौर पॅनेलमुळे अडचण उलट बाजूने येत होती : दुपारी घरांतून वीज उलटी वाहू लागली की व्होल्टेज वर चढते आणि वर जागाच उरलेली नसते. ११ किलोव्होल्टच्या बाजूचे व्होल्टेज किंचित उतरवले तर एकही नवी तार न टाकता अधिक पॅनेल जोडता येतील, हा निष्कर्ष कंपनीने पुढे अमलातही आणला. सबंध मालिकेत एवढ्या कमी खर्चात एवढा उपयोगी ठरलेला निष्कर्ष दुसरा सापडणे कठीण.

व्होल्टेजद्वारे मागणी हलवणे : वायव्य इंग्लंडमधील इलेक्ट्रिसिटी नॉर्थ वेस्टने ‘क्लास’ या प्रकल्पात हेच सूत्र पुढे नेले. ६० प्राथमिक उपकेंद्रांवरील रोहित्रांचे टॅप (व्होल्टेज कमीजास्त करण्याचे जोड) दूरनियंत्रणाने बदलून व्होल्टेज थोडे खालीवर केले. व्होल्टेज एक टक्का उतरले की मागणी साधारण एक टक्क्याने किंवा किंचित अधिक घटते. हे तत्त्व जुनेच आहे; प्रश्न होता तो ग्राहकाला कळते का हा. सर्वेक्षणांत ग्राहकांना फरक जाणवल्याचे दिसले नाही. येथे एक तांत्रिक सावधगिरी आवश्यक आहे. दिव्यासारखा भार व्होल्टेजबरोबर लगेच घटतो, पण थर्मोस्टॅट असलेला हीटर कमी शक्तीने जास्त वेळ चालून तीच ऊर्जा भरून काढतो. म्हणून हा उपाय काही मिनिटांच्या वारंवारता नियंत्रणाला, म्हणजे मागणी व पुरवठा यांचा क्षणोक्षणीचा तोल राखायला चांगला, दिवसभराच्या बचतीला तितकासा नाही. शेजारी चालणाऱ्या दोन रोहित्रांचे टॅप मुद्दाम विषम ठेवून प्रतिघाती शक्ती (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी शक्ती) शोषून घेण्याचा प्रयोगही याच प्रकल्पात झाला. पारेषण जाळ्यात, म्हणजे दूरवर वीज नेणाऱ्या उच्चदाब जाळ्यात, कमी मागणीच्या वेळी चढणाऱ्या व्होल्टेजवर त्याचा उपयोग होतो.

दर आणि घरगुती वापर : नॉर्दर्न पॉवरग्रिडने ब्रिटिश गॅस, डरहम विद्यापीठ व ईए टेक्नॉलॉजी ही तांत्रिक सल्लागार संस्था यांच्यासह ईशान्य इंग्लंडमध्ये चालवलेल्या ‘कस्टमर-लेड नेटवर्क रेव्होल्यूशन’ प्रकल्पात कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ८ हे तास महाग होते. त्या वेळातला सरासरी वापर घटला. पण वर्षातल्या सर्वांत चढ्या अर्ध्या तासात ठळक घट दिसली नाही. भेद बारीक वाटतो, तरी वितरण अभियंत्याच्या दृष्टीने सारे त्यातच आहे. रोहित्राची क्षमता सरासरी संध्याकाळवर ठरत नाही. वर्षातल्या एका कडाक्याच्या संध्याकाळवर ठरते, आणि त्या संध्याकाळी दर काहीही असला तरी लोक घर गरम करतात व जेवण रांधतात. डरहमच्या समाजशास्त्रज्ञांना आढळले की कपडे व भांडी धुण्याची वेळ बदलायला घरे तयार असतात, जेवणाची नसतात.

लंडनमध्ये यूके पॉवर नेटवर्क्स व इंपीरियल कॉलेज यांनी ‘लो कार्बन लंडन’ प्रकल्पात वेगळी वाट धरली. २०१३मध्ये सुमारे १,१०० घरांना युनिटमागे ६७.२०, ११.७६ व ३.९९ पेन्स असे तीन दर लावले. कोणत्या तासाला कोणता दर, हे आदल्या दिवशी घरातील पडद्यावर किंवा मोबाइलवर संदेशाने कळवले जाई. प्रतिसाद मिळाला, पण घराघरांत तो फार विषम होता. भाग घेणारे स्वेच्छेने आलेले असल्याने हे आकडे सबंध शहराला जसेच्या तसे लावू नयेत, हा आक्षेप रास्त आहे. या प्रकल्पातील साडेपाच हजारांवर घरांची अर्ध्या-अर्ध्या तासाची मोजमापे नावे वगळून सर्वांना खुली करण्यात आली. जगभरचे विद्यार्थी आजही ती वापरतात.

विजेच्या मोटारी : २०१३ ते २०१५मधील ‘माय इलेक्ट्रिक ॲव्हेन्यू’मध्ये एकाच वाहिनीवरील शेजाऱ्यांना निसान लीफ मोटारी देऊन त्यांच्या चार्जिंगला वाहिनीच्या भारानुसार आळीपाळीने विराम देणारे उपकरण लावले. वितरण कंपनीऐवजी त्रयस्थ संस्थेने, म्हणजे ईए टेक्नॉलॉजीने, चालवलेला हा प्रकल्प होता. ४० ते ७० टक्के ग्राहकांकडे अशा मोटारी आल्यावर ब्रिटनमधील ३२ टक्के, म्हणजे सुमारे ३,१२,००० लघुदाब वाहिन्यांवर काही ना काही उपाय करावा लागेल, असा अंदाज त्यातून निघाला. तो ३.५ किलोवॉटच्या चार्जिंगवर आधारलेला आहे. पुढे घरगुती चार्जर ७ किलोवॉटचे होऊ लागल्याने तो आकडा उद्धृत करताना ही अट सांगितली पाहिजे. वीजतारेतूनच संदेश पाठवण्याची पद्धत काही ठिकाणी पुरेशी भरवशाची ठरली नाही, ही गोष्ट अहवालांत स्पष्ट नोंदवली आहे. मोठ्या बॅटरीच्या मोटारी घेऊन सुमारे ७०० घरांत झालेला ‘इलेक्ट्रिक नेशन’ (२०१६–१९) हा त्याचा पुढचा टप्पा.

जोडणीचे करार : ऑर्कनी बेटे मुख्य भूमीशी समुद्राखालून जाणाऱ्या दोन ३३ किलोव्होल्टच्या केबलींनी जोडलेली आहेत. जुन्या हिशेबाने त्यांवर आणखी पवनचक्क्यांना जागा नव्हती. स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात विकसित झालेल्या सक्रिय व्यवस्थापनाने केबलवरचा प्रवाह सतत पाहून गरजेपुरत्या पवनचक्क्या आवरायला, म्हणजे त्यांचे उत्पादन कमी करायला सुरुवात केली आणि नव्या केबलीच्या तुलनेत अगदी थोड्या खर्चात जागा झाली. मात्र आवरायचे कोणाला? ऑर्कनीत जो शेवटी आला तो आधी बंद, असा नियम होता. जुन्यांना तो न्याय्य वाटतो, पण रांगेतल्या शेवटच्याला कर्ज मिळणे अवघड होते. केंब्रिजशरमधील मार्च येथील ‘फ्लेक्सिबल प्लग अँड प्ले’ प्रकल्पात म्हणून एका मर्यादेपर्यंत सर्वांना सारख्या प्रमाणात आवरण्याची पद्धत घेतली व वर्षभरात किती उत्पादन बुडेल याचा अंदाज आधीच दिला. तंत्र दोन्हीकडे जवळजवळ एकच. फरक पडला तो कराराच्या कलमाने. इलेक्ट्रिसिटी नॉर्थ वेस्टच्या ‘कपॅसिटी टू कस्टमर्स’ प्रकल्पातही तसेच दिसले. ११ किलोव्होल्टच्या वाहिन्यांत बिघाडासाठी निम्मी क्षमता राखून ठेवलेली असते. बिघाड झाल्यास वीज थोडी उशिरा परत आली तरी चालेल असे मोबदला घेऊन मान्य करणारे ग्राहक मिळाले, की ती राखीव क्षमता वापरता येते.

साठवण : लेटन बझार्ड येथे डिसेंबर २०१४मध्ये ६ मेगावॉट व १० मेगावॉट-तासांची लिथियम-आयन बॅटरी सुरू झाली, तिच्याऐवजी नवी ३३ किलोव्होल्ट वाहिनी व तिसरे रोहित्र घालावे लागले असते. स्थानिक गरज हिवाळ्यातल्या मोजक्या दिवसांची असल्याने उरलेल्या काळात ती राष्ट्रीय जाळ्याला वारंवारता सेवा विकत असे. कायद्याच्या दृष्टीने साठवण म्हणजे निर्मिती, आणि वितरण कंपनीला निर्मितीचा परवाना बाळगता येत नाही, ही अडचण यातूनच ऐरणीवर आली. पुढे नियामकाने वितरण कंपन्यांना बॅटऱ्या चालवण्यास सामान्यतः मनाई केली व ती सेवा बाजारातून घ्यावी असे ठरवले.



नंतरची वाटचाल : २०१५पासून निधीची जागा एका वार्षिक भत्त्याने व एका स्पर्धेने घेतली, २०२१मध्ये ‘स्ट्रॅटेजिक इनोव्हेशन फंड’ आला. टीका मुख्यतः एकाच मुद्द्यावर झाली : यशस्वी प्रयोग दुसऱ्या कंपनीच्या क्षेत्रात, रोजच्या कामात, फार सावकाश उतरले. खासगी मक्तेदारीला नव्या पद्धतीपेक्षा नवी तार टाकण्यात जास्त परतावा मिळत असेल तर अहवाल कितीही खुले असोत, ते कपाटात राहतात; ही टीका योग्य आहे. लवचिक मागणी निविदा काढून विकत घेण्याची पद्धत मात्र २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘ओपन नेटवर्क्स’ या संयुक्त कार्यक्रमानंतर सर्व कंपन्यांत रुजली.

भारत : केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने निवडलेल्या १४ पथदर्शी स्मार्ट ग्रिड प्रकल्पांत महावितरणचा बारामतीचा प्रकल्प होता, तो पुढे वगळला गेला. २०२३च्या केंद्रीय नियमदुरुस्तीने १० किलोवॉटवरील व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४पासून आणि शेती वगळता इतरांना १ एप्रिल २०२५पर्यंत वेळेनुसार दर लावण्याचे ठरवले. त्यानुसार सौर तासांतील दर सामान्य दराहून किमान २० टक्के कमी असावा लागतो. महाराष्ट्रात शेतीच्या वाहिन्यांवर उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प जोडण्याची योजना २०१७पासून राबवली जात असल्याने, दुपारी उलट्या वाहणाऱ्या विजेमुळे चढणाऱ्या व्होल्टेजचा साउथ वेल्समधील अनुभव येथील अभियंत्यांना सर्वांत जवळचा आहे.