थंडीचा हिशेब ठेवणारा कंटेनर

१९९० च्या दशकापर्यंत रेफ्रिजरेटेड कंटेनरच्या तोंडावर एक गोल कागदी तबकडी सर्रास दिसायची. यंत्राचं नाव पार्टलो रेकॉर्डर. आतलं तापमान वर-खाली होईल तशी एक सुई कागदावर रेघ ओढत जाई आणि ३१ दिवसांत तबकडीचा एक फेरा पूर्ण होई. माल युरोपात उतरला, दार उघडलं आणि आतून वास आला, की कुणीतरी ती तबकडी काढून बघे. प्रवासात कोणत्या दिवशी थंडी गेली, हे त्या रेघेवरून कळे. पण तोवर माल फेकायचाच उरलेला असे.

आता त्या तबकडीच्या जागी मोडेम आहे. त्यात सिम कार्ड आहे, जीपीएस आहे, आणि कंटेनरचा कंट्रोलर जे काही मोजतो ते सगळं तो ठरावीक वेळाने किनाऱ्यावरच्या सर्व्हरला कळवत राहतो. वस्तूने स्वतः मोजावं आणि स्वतःच कळवावं, याला इंटरनेट ऑफ थिंग्ज किंवा आयओटी म्हणतात. या विषयावर बोलताना लोक घरातल्या बोलक्या स्पीकरची आणि हुशार फ्रीजची उदाहरणं देतात. मला ती फारशी पटत नाहीत. धंद्यात आयओटी खरोखर कुठे रुजलं हे बघायचं असेल तर न्हावा शेवा बंदरातल्या रीफर यार्डात बघावं. नाशिक जिल्ह्यातली निर्यातीची द्राक्षं तिथूनच जहाजावर चढतात.

रीफर म्हणजे शीतकरण यंत्र बसवलेला कंटेनर. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण १२ ते १३ टन द्राक्षं बसतात. ती उणे अर्धा ते शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास, ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवावी लागतात. रसातल्या साखरेमुळे द्राक्ष शून्याला गोठत नाही, म्हणून हे जमतं. थोडं तापमान वाढलं की देठ तपकिरी पडतात, मणी गळतात आणि बोट्रायटिस नावाची राखाडी बुरशी जोर धरते. ही बुरशी शून्य अंशालाही मरत नाही, फक्त सुस्तावते. तिला रोखायला प्रत्येक खोक्यात ग्रेप गार्डचा कागद टाकतात. त्यातलं सोडियम मेटाबायसल्फाइट ओलाव्याने हळूहळू सल्फर डायऑक्साइड सोडतं. म्हणजे तापमान हललं, खोक्यात पाणी सुटलं, की वायू गरजेपेक्षा जास्त निघतो आणि मण्यांचा रंग उडतो. थंडी टिकवण्याइतकंच ती एकसारखी ठेवणंही महत्त्वाचं, ते यासाठी.

डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीने आपल्या सुमारे २,७०,००० रीफरना असे मोडेम बसवले आणि २०१७ मध्ये ती माहिती ग्राहकांना खुली केली. इतर जहाज कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. सुरुवात रीफरपासूनच का झाली, याचं उत्तर साधं आहे: रीफरला वीज लागतेच. ट्रेलरवर जेनसेट, म्हणजे छोटा जनरेटर असतो, बंदरात आणि जहाजावर प्लग पॉइंट असतो, त्यामुळे मोडेमच्या बॅटरीची चिंता बरीच कमी. साध्या कोरड्या कंटेनरला वीजच नसते. त्याच्यावर ट्रॅकर बसवायचा तर बॅटरी आणि सौर पट्टी यांवर वर्षानुवर्षं चालला पाहिजे. हापाग-लॉइड या जर्मन जहाज कंपनीने सगळ्या कोरड्या कंटेनरवर ट्रॅकर बसवण्याचा बेत जाहीर केला तो २०२२ मध्ये.

तांत्रिक अडचण अजून एक होती. कंटेनर पोलादी आणि पोलादातून रेडिओ लहरी जात नाहीत, म्हणून अँटेना बाहेरच्या बाजूला, यंत्रापाशी बसवावा लागतो. शिवाय भर समुद्रात मोबाईलचा टॉवर कुठला? त्यावर तोडगा असा की जहाजावरच एक छोटं मोबाईल नेटवर्क उभारायचं. सगळे रीफर त्याला माहिती देतात आणि जहाज ती उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पाठवतं.

या सगळ्याचा पहिला फायदा कंटेनरच्या मालकाला झाला. ही गोष्ट जाहिरातींत मागे राहते. पूर्वी रिकामा रीफर पुन्हा भरायला देण्याआधी यार्डात माणूस जाऊन तो तपासे, चालवून बघे, मग पास करे. आता मागच्या फेरीत यंत्र कसं चाललं याची नोंद हातात असते. ज्याचं वागणं नीट होतं त्याची तपासणी टाळता येते आणि ज्याचा कॉम्प्रेसर कुरकुरत होता तोच बाजूला काढता येतो. लाखो कंटेनर असलेल्या कंपनीसाठी ही बचत मोठी आहे. काही बिघाड तर दुरूनच सेटिंग बदलून सुटतात. सेट पॉइंट, म्हणजे यंत्राला ठरवून दिलेलं तापमान, उणे अर्ध्याऐवजी चुकून पाच लावलेला असेल, तर ते युरोपातल्या रॉटरडॅम बंदरात कळण्याऐवजी न्हावा शेवातच कळतं. अशा मानवी चुका पकडल्या जाणं हा माझ्या मते या तंत्राचा सगळ्यात कमी गाजलेला आणि सगळ्यात उपयोगी गुण आहे. वाटेत जेनसेट दोन तास बंद राहिला तर तीही वेळ नोंदली जाते, मग ड्रायव्हर काहीही सांगो.

पण मोडेम नेमकं काय कळवतो, ते समजून घ्यायला हवं. रीफरमध्ये तळाच्या खाचांमधून थंड हवा आत सोडली जाते, ती खोक्यांमधून वर येते आणि छताजवळून यंत्राकडे परत जाते. मुख्य सेन्सर या दोन जागी असतात, सोडलेल्या हवेत आणि परतणाऱ्या हवेत. म्हणजे कळतं ते हवेचं तापमान. मधल्या खोक्यातल्या मण्याच्या गराचं तापमान वेगळं असू शकतं. खोकी चुकीची रचली आणि हवेची वाट बुजली, तर हवा सोप्या वाटेने फिरून परत येते. आकडे छान दिसतात आणि मधला माल गरमच राहतो.

त्यात रीफर हे मुळात माल थंड करण्याचं यंत्र नाही. थर्मास जसा चहा उकळत नाही, फक्त गरम ठेवतो, तसा रीफर आधीच थंड केलेला माल थंड ठेवतो. थंड करण्याचं काम पॅकहाऊसच्या, म्हणजे जिथे द्राक्षं खोक्यांत भरतात तिथल्या, प्रीकूलिंग चेंबरमध्ये होतं. तिथे जोराने थंड हवा खोक्यांतून ओढून सहा-आठ तासांत गराचं तापमान खाली आणतात. घाई झाली, लाईट गेली, एकाच दिवशी जास्त माल आला, आणि अर्धवट थंड झालेली द्राक्षं रीफरमध्ये भरली, तर पुढचं सगळं आयओटी त्या चुकीची फक्त सुबक नोंद ठेवतं.

इशाऱ्यांचंही असंच. यंत्राच्या कॉइलवर बर्फ साचतो, तो वितळवायला यंत्र अधूनमधून स्वतःला गरम करतं आणि त्या वेळी तापमान क्षणभर उसळतं. हे नेहमीचंच आहे, पण प्रत्येक उसळीला अलार्म वाजला तर पडद्यासमोर बसलेला माणूस आठवड्याभरात अलार्म बघायचं सोडतो. कारखान्यात, इस्पितळात, कुठेही सेन्सर बसवले की हा आजार येतो. कोणत्या अलार्मसाठी माणसाला झोपेतून उठवायचं हे ठरवणं सेन्सर विकत घेण्यापेक्षा अवघड आहे, आणि ते काम यंत्र जाणणाऱ्या माणसालाच करावं लागतं.

समजा अलार्म खरा निघाला. पुढे काय? जहाजावर इलेक्ट्रिशियन असतो, पण शेकडो रीफर आणि मोजके सुटे भाग. बिघडलेला कंटेनर उंच रचलेल्या थरात असेल तर तिथवर पोचणंही कठीण. माहिती सेकंदात येते, पाना मात्र तिथे असावा लागतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हुथी हल्ले सुरू झाले आणि जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. २०२४ च्या हंगामात युरोपला निघालेल्या द्राक्षांचा प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास वाढला. कंटेनर कुठे आहे हे निर्यातदाराला रोज नकाशावर दिसत होतं, फक्त त्याबद्दल काही करता येत नव्हतं. तरी ती माहिती वाया गेली असं नाही. माल उशिरा येणार हे आधी कळलं, तर आयातदाराशी बोलता येतं आणि मागचा माल दुसऱ्या बाजारात वळवता येतो. पण हा फायदा वाटाघाटीत ताकद असलेल्यालाच मिळतो.

मग येतो माहितीच्या मालकीचा प्रश्न. माल खराब निघाला, तर दोष शीतकरणाचा, पॅकिंगचा की बागेचा, यावर वाद होतो. त्या वादातला सगळ्यात मोठा पुरावा, म्हणजे तापमानाची नोंद, जहाज कंपनीच्या सर्व्हरवर असते. म्हणून आजही अनेक निर्यातदार खोक्यांमध्ये स्वतःचा एकदाच वापरायचा डेटा लॉगर टाकतात. पलीकडचा माणूस तो काढून संगणकाला जोडतो आणि तक्ता बघतो. त्याला ना सिम, ना उपग्रह, पण तो मालाच्या मधोमध असतो आणि आपल्या बाजूचा असतो. हे मागासलेपण नाही, व्यवहारज्ञान आहे.

सगळ्यांची माहिती एका जागी आणण्याचा प्रयत्नही झाला. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचा मंच सुरू केला. जहाजं, बंदरं, कस्टम्स, सगळे तिथे एकमेकांना दिसावेत अशी कल्पना होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं, कारण जगभरातून हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही. आपला धंदा प्रतिस्पर्ध्याने उभारलेल्या मंचावर मांडायला कोण उत्साहाने जाईल?

जोडणीची दुसरी बाजू न्हावा शेवाने स्वतः अनुभवली आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत पसरला आणि मर्स्कच्या जगभरच्या संगणकांत घुसला. तिच्या गटाचं इथलं टर्मिनल, गेटवे टर्मिनल्स इंडिया, हातकामावर आलं. कंपनीला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले आणि नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. सगळ्या नेटवर्कची किल्ली असलेल्या सर्व्हरची एकच प्रत वाचली, तीही घानामध्ये, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती. हा हल्ला कंटेनरच्या मोडेमवर नव्हता. पण एक संगणक दुसऱ्याला जोडला की आजार कुठून कुठे जातो, हे त्यातून नेमकं दिसलं. कंटेनरवरचा प्रत्येक मोडेम हेही एक दार आहे, आणि त्याचं सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करणं हा कायमचा खर्च आहे.

खर्चाचा आणखी एक भाग खरेदीच्या वेळी कुणी बघत नाही. रीफर दहा-पंधरा वर्षं चालतो, मोबाईलच्या पिढ्या त्याहून लवकर बदलतात. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाईल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. फक्त थ्रीजीवर बोलणारी उपकरणं, मग ती कुठलीही असोत, त्या नेटवर्कवर मुकी झाली.

आणि आपल्याकडची बाजू? मोडेमची नोंद कंटेनर प्लगला लागल्यावर सुरू होते. काढणी झाल्यापासून प्रीकूलिंगपर्यंतचे तास, मार्चच्या उन्हात निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या क्रेट्सचे तास, यांची नोंद बहुधा कुणाकडे नसते, आणि फळाचं आयुष्य सगळ्यात वेगाने तिथेच झिजतं. एपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट नोंदणी व्यवस्थेमुळे माल कुठल्या प्लॉटचा हे सांगता येतं, तो किती वेळ तापला हे नाही. लहान निर्यातदार गटाने या तंत्रावर पहिला पैसा कुठे घालावा असं मला विचारलं, तर मी प्रीकूलिंग चेंबर म्हणेन. गरात खुपसायचे चार-सहा प्रोब, म्हणजे तापमान मोजणाऱ्या सुया, एक साधा मोडेम, आणि तापमान उतरल्याशिवाय माल भरू न देण्याचा अधिकार असलेला एक माणूस. यातला शेवटचा भाग दुकानात मिळत नाही, आणि हंगामाच्या गर्दीत, बाहेर गाडी उभी असताना, तो टिकवणं सोपं नाही.