जुळ्यातला बोकड लावला की जुळीच होतात?

'जुळ्यातला बोकड लावा, बकरी हमखास जुळी देईल.' बाजारात बोकडाचा भाव ठरताना हा सल्ला आपल्या विदर्भात नेहमी ऐकू येतो. तो अगदीच निराधार नाही, पण त्याचा परिणाम दिसलाच तर एक पिढी उशिरा दिसतो.

पिल्लं किती होणार, हे बकरीच्या त्या माजात किती बीजं सुटतात यावर ठरतं. दोन सुटली आणि दोन्ही फळली तर जुळी. बोकडाच्या वीर्यात शुक्राणू अब्जांनी असतात, तिथे तुटवडा नसतोच. त्याच्या आईचा गुण त्याच्या पाठींमध्ये, म्हणजे मादी पिल्लांमध्ये, उतरू शकतो, तोही थोडाफार. कारण वंशापेक्षा वय आणि चारा जास्त चालतो. पहिल्या वेताला बहुधा एकच पिल्लू होतं, बकरी रोडावलेली असली तर पुढेही. म्हणून फळवण्याआधी दोन-तीन आठवडे तुरीच्या कुटारासोबत भरडा द्यावा, हळूहळू वाढवत रोज पाव किलोपर्यंत. एकदम दिला तर पोट बिघडतं.

बोकडाकडून ठरतं ते पिल्लू नर की मादी. दोष मात्र बकरीला, हा आपला जुनाच न्याय!

पडताळायचं तर गावातल्या बकरीवाल्यांनी मिळून एक वही ठेवावी: बकरी, कितवं वेत, बोकड, पिल्लं. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा, त्यामुळे फार थांबावं लागत नाही. एकाच बोकडापुढे एक, दोन, कधी तीन असे आकडे दिसतील. बाप-लेकीची जोडी लागत नाही ना, हेही त्याच वहीत कळतं. पाठी वयात येण्याआधी बोकड शेजारच्या गावाशी बदलून घ्यावा.