सेकंडहँड डिजिटल रेंजफाइंडर घेताय? मेगापिक्सेल राहू द्या, आधी त्रिकोण बघा

"पहिला रेंजफाइंडर घ्यायचाय, वापरलेला चालेल, फुजी एक्स१०० घेऊ की लायका?" हा प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की आता सविस्तर लिहूनच टाकतो. यातली पहिली गंमत म्हणजे एक्स१०० हा रेंजफाइंडर नाहीच. दिसायला आहे, कोपऱ्यात खिडकी आहे, चौकोनी ठोकळा आहे, फोटो झकास येतात, पण आत अंतर मोजणारी यंत्रणाच नाही, फोकस ऑटोफोकस करतो. फुजीच्याच एक्स-प्रो मालिकेचंही तेच. ‘रेंजफाइंडर स्टाइल’ ही जाहिरातवाल्यांची देणगी आहे, तिच्यात स्टाइल भरपूर आणि रेंजफाइंडर शून्य. ज्याला ऑटोफोकस हवाय त्याने तो खुशाल घ्यावा, काही वाईट नाही. पण खरा रेंजफाइंडर म्हणजे फोटो काढता येणारं एक अंतरमापक यंत्र, आणि वापरलेलं यंत्र घेताना ते बरोबर मोजतंय का हेच पहिल्यांदा बघायचं असतं.

आता ते मोजतं कसं? हात सरळ पुढे करून अंगठा उभा धरा आणि एकेक डोळा आळीपाळीने मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारतो. हात जवळ आणला की उडी मोठी, लांब नेला की लहान. दोन डोळे हा त्रिकोणाचा पाया, अंगठा हे टोक, आणि टोकाचा कोन कळला की अंतर कळलं, शाळेतली त्रिकोणमिती. लायका एम कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला अंतर मोजायला एक मोठी आणि एक छोटी अशा दोन खिडक्या असतात, त्यांच्यातलं अंतर साधारण ६९ मिमी, म्हणजे आपल्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किंचित जास्त. मोठ्या खिडकीतून आपण सरळ बघतो, छोट्या खिडकीतलं चित्र आतल्या आत फिरवून मधोमध एका छोट्या उजळ चौकोनात आणून त्याच्यावर टाकलेलं असतं. त्याला पॅच म्हणतात. लेन्सची रिंग फिरवली की पॅचमधलं चित्र आडवं सरकतं, आणि समोरच्याच्या डोळ्याच्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस झाला.

पण रिंग फिरवली ती लेन्सची, पॅच हलला तो कॅमेऱ्यातला, मग या दोघांचा संबंध काय? हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. लेन्स काढून कॅमेऱ्याच्या तोंडात बघा, वरच्या बाजूला एक इटुकला रोलर दिसेल, एका दांड्याच्या टोकाला. लेन्सच्या मागच्या बाजूचं पितळी कडं या रोलरला टेकतं आणि रिंग फिरेल तसं त्याला मागेपुढे करतं, दांडा हलतो, दांड्याबरोबर आतला ऑप्टिकल भाग हलतो, प्रतिमा सरकते. बस्स, एवढंच. वायर नाही, मोटर नाही, बॅटरी काढून ठेवलीत तरी फोकस होतो. ५० मिमीची लेन्स अनंतापासून ०.७ मीटरपर्यंत आणायला ती साधारण ४ मिमीच पुढे सरकते. म्हणजे जगातली सगळी अंतरं, चंद्रापासून टेबलापलीकडच्या माणसापर्यंत, या रोलरला चार-साडेचार मिमीत सांगायची असतात. त्यात ३५ मिमीची लेन्स तेवढ्याच अंतरासाठी जेमतेम २ मिमी सरकते, पण रोलरला फक्त ५० मिमीच्या आसपासच्या लेन्सचीच भाषा कळते, म्हणून बाकी लेन्सच्या मागच्या कड्याला असा उतार दिलेला असतो की तो हिशोब परस्पर बदलून मिळावा. हे काम कोणी कॉम्प्युटर करत नाही, घासलेलं पितळ करतं!

आता थोडं गणित, कंटाळा आला तर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, पण लेन्स कुठली घ्यायची याचं उत्तर इथेच आहे. साध्या नजरेला अंशाचा साठावा भाग एवढा कोन ओळखता येतो असं धरू. व्ह्यूफाइंडर, म्हणजे ती बघायची खिडकी, चित्र लहान करून दाखवतो, लायकाच्या एम८, एम९ आणि टाइप २४० या डिजिटल बॉडींमध्ये ०.६८ पट, त्यामुळे ६९ मिमीचा पाया प्रत्यक्षात ४७ मिमी एवढाच उपयोगी पडतो. त्यावरून हिशोब केला तर १ मीटरवर चूक ६ मिमी, २ मीटरवर २५ मिमी, ५ मीटरवर १५ सेंमी. अंतर दुप्पट की चूक चौपट. वाचून वाटतं लांबचं काही धडच येणार नाही, पण डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढेमागे जेवढं शार्प दिसतं तो पट्टा, तोही अंतर दुप्पट केलं की जवळजवळ चौपट होतो. दोन्हीकडे अंतराचा वर्ग, भागाकार केला की अंतर कटून जातं! म्हणजे रेंजफाइंडरला एखादी लेन्स झेपेल की नाही हे समोरचा माणूस किती लांब आहे यावर ठरत नाही, फक्त लेन्सवर ठरतं. फोकल लेंग्थचा (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याचा) वर्ग करा, एफ नंबरने भागा (एफ/२ मधला २, ॲपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं ते सांगणारा, आकडा लहान तितकं भोक मोठं), हा भागाकार जितका मोठा तितका पाया लांब लागतो. फिल्मच्या काळातला नेहमीचा निकष, म्हणजे फोकसबाहेरच्या बिंदूचा ठिपका ०.०३ मिमीपर्यंत चालेल, हा धरला तर ३५ मिमी एफ/२ ला ६ मिमी पाया पुरतो, ५० मिमी एफ/१.४ ला १७, ९० मिमी एफ/२ ला ३९, आणि १३५ मिमी एफ/२.८ ला ६३. आपल्याकडे ४७. म्हणूनच लायकाच्या जुन्या १३५ मिमी एफ/२.८ लेन्सला वर चक्क चष्मा लावलेला असायचा, व्ह्यूफाइंडरच्या खिडक्यांसमोर बसणारा, चित्र दीडपट मोठं करणारा. दीडपट मोठं म्हणजे पाया ४७ चा ७० च्या आसपास, काम झालं. युद्धनौकांवरचे रेंजफाइंडर याच कारणाने लांबलचक असायचे, जपानच्या यामातो या युद्धनौकेवर तर तब्बल १५ मीटर पायाचे होते आणि ते बनवणारी निप्पॉन कोगाकू हीच पुढे निकॉन झाली.

मग डिजिटलने काय घोळ केला? कॅमेऱ्यातली यंत्रणा तीच राहिली, बघणारे आपण बदललो. फिल्मला जाडी असते, ती पूर्ण सपाटही बसत नाही, आणि प्रिंट हातात धरून बघायचो. आता सेन्सर काचेसारखा सपाट आणि आपण घरी येऊन स्क्रीनवर १०० टक्के झूम करून समोरच्याच्या पापण्या मोजतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या फ्रेमएवढ्या) सेन्सरवर एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा, दोन पिक्सेलचा ठिपका चालवून घेतला तर ०.०३ च्या जागी ०.०१२ मिमी. वरचे सगळे आकडे अडीचपट करा. ३५ एफ/२ ला १५ मिमी, ५० एफ/२ ला ३०, ५० एफ/१.४ ला ४३ (काठावर पास), ९० एफ/२ ला ९८, सपशेल नापास. खरं तर दोन रेषा जुळल्यात का हे ओळखताना आपला डोळा साठाव्या भागापेक्षा बराच बारीक काम करतो, त्यामुळे प्रत्यक्षात इतकी वाईट अवस्था नसते आणि सराव असलेली माणसं ९० मिमीसुद्धा उघड्या ॲपर्चरवर मारतात. पण त्यासाठी रोलरची सेटिंग अचूक हवी, आणि ५० एफ/१.४ वर ०.०२ मिमीची गडबड, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, फोटो मऊ करायला पुरते. वापरलेल्या कॅमेऱ्याने आयुष्यात किती धक्के खाल्लेत हे आपल्याला कोण सांगणार?

म्हणून पहिली लेन्स ३५ किंवा ५० मिमी, एफ/२ किंवा एफ/२.८ ची. कंटाळवाणा सल्ला आहे, माहितीये. एफ/०.९५ आणि ७५ मिमी एफ/१.४ वाले फोटो बघून लाळ गळते पण ते पहिल्या लेन्सचं काम नाही. लेन्स लायकाचीच हवी असंही नाही, फोक्टलेंडर आणि झाइसच्या एम माउंट, म्हणजे लायका एमवर थेट बसणाऱ्या, लेन्स उत्तम असतात, जुन्या ३९ मिमी स्क्रूच्या लेन्सही अडॅप्टर लावून चालतात, फक्त अडॅप्टर योग्य फोकल लेंग्थचा घ्या, नाहीतर फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या चौकटी व्ह्यूफाइंडरमध्ये चुकीच्या उमटतील. एक छुपी भानगड सांगून ठेवतो. काही वेगवान लेन्स, उदाहरणार्थ झाइसची सी सोनार ५० मिमी एफ/१.५, ॲपर्चर बंद करत गेलं की फोकस मागे सरकवतात. कारण गोलीय विपथन, कडेचे किरण आणि मधले किरण एकाच जागी जुळत नाहीत आणि कडेचे कापले की जुळण्याची जागा बदलते. एसएलआर किंवा मिररलेसमध्ये लेन्समधूनच बघत असल्यामुळे निदान बघून सावरता तरी येतं, रेंजफाइंडरला लेन्समधून काही दिसतच नाही, तो बिचारा आपला त्रिकोण जुळवून मोकळा.

बॉडी कुठली, तर पर्याय मोजकेच आहेत. एप्सन आर-डी१ हा २००४ चा, पहिला डिजिटल रेंजफाइंडर, ६ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडर पूर्ण १:१ म्हणजे दोन्ही डोळे उघडे ठेवून बघता येतं, पाया ३८ मिमी, शटर दर वेळी खटका ओढून भरायचं. फार गोड यंत्र, पण संग्रहाचं. लायका एम८ (२००६) मध्ये सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा थर फारच पातळ ठेवला, त्यामुळे काळे सिंथेटिक कपडे जांभळट येतात आणि प्रत्येक लेन्सला यूव्ही-आयआर फिल्टर लावावा लागतो. शिवाय सेन्सर लहान, ३५ मिमीची लेन्स ४७ सारखी वागते. एम९ (२००९) पहिला फुल फ्रेम, पण त्याच्या सेन्सरवरची काच दमटपणाने गंजते. कंपनीने पुढे सुधारित काचेचे सेन्सर बसवून दिले, तेव्हा विचारायचा प्रश्न एकच, सेन्सर बदललाय का आणि त्याचा कागद आहे का. स्वतः तपासायचं तर एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढा, धुळीचे ठिपके साधे काळे दिसतात, गंजाच्या ठिपक्याभोवती बऱ्याचदा फिकट कडं असतं. नावात पण सापळा आहे: २०१२ चा एम-ई म्हणजे आतून एम९, तोच सेन्सर, तोच धोका, आणि २०१९ चा एम-ई हा टाइप २४० चा भाऊ, गंजाची भानगड नाही. जाहिरातीत नुसतं ‘एम-ई’ लिहिलं असेल तर टाइप नंबर विचारा.

माझं मत टाइप २४० ला, सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर झालेला, २४ मेगापिक्सेल. जरा जाडजूड आहे, २०१७ चा एम१० सडपातळ आहे आणि त्याचा पायाही ५० मिमीच्या वर आहे, ऐपत असेल तर तोच घ्या. पण २४० मध्येही लाइव्ह व्ह्यू आहे, लेन्समधून दिसणारं चित्र मागच्या स्क्रीनवर येतं, म्हणजे रेंजफाइंडर खरं बोलतोय का हे तिथल्या तिथे स्क्रीनवर झूम करून पडताळता येतं, आणि नवख्या माणसाला सेकंडहँड यंत्र घेताना याच्याइतकी कामाची दुसरी सोय नाही. टाइप २६२ दिसायला जुळा भाऊ पण त्यात लाइव्ह व्ह्यू नाही, गल्लत करू नका.

इथे कोणीतरी म्हणणारच की एम९ सारख्या सीसीडी सेन्सरचे रंग २४० सारख्या सीमॉस सेन्सरला येत नाहीत, एम९ मध्ये जादू आहे. अहो, दोन्हीकडे सिलिकॉनच आहे आणि सिलिकॉनला रंग कळत नाही, त्याला फक्त फोटॉन आले की इलेक्ट्रॉन सोडणं माहीत. रंग ठरतात पिक्सेलवरच्या लाल-हिरव्या-निळ्या गाळण्यांवरून, इन्फ्रारेड फिल्टरवरून आणि पुढच्या सॉफ्टवेअरवरून. एम९ चे रंग आवडत असतील तर जरूर आवडू देत, पण जादू म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका. जुन्या लेन्सच्या ‘लायका ग्लो’चंही, म्हणजे फोटोतल्या त्या मऊ चमकेचंही, तसंच, त्यात बरंचसं न सुधारलेलं विपथन असतं आणि कधी कधी तर आतल्या काचेवर चढलेली निव्वळ धुकट झिल्ली, जी साफ केल्यावर ग्लो गायब होतो. मोबाइलचा टॉर्च मागून मारून लेन्समधून बघा, झिल्ली आणि बुरशीची जाळी लगेच दिसते. ॲपर्चरच्या पात्यांवर थोडं तेल असणं रेंजफाइंडर लेन्समध्ये फार गंभीर नाही, काचेवर चढलेली बुरशी मात्र गंभीर, कारण ती कोटिंग कोरते आणि पुसून जात नाही.

कॅमेरा हातात आला की लेन्स अनंतावर टेकवून चंद्राकडे किंवा फार लांबच्या दिव्याकडे बघा. पॅचमध्ये शेजारीशेजारी दोन चंद्र दिसले तर आडवी सेटिंग हललीये, एक वर एक खाली दिसला तर उभी. मग १ मीटरवर तिरका ठेवलेला छापील कागद, मधल्या एका ओळीवर फोकस, ॲपर्चर पूर्ण उघडं, आणि फोटोत कुठली ओळ शार्प आली ते बघा. चूक निघाली तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका, दुसरी लेन्स लावून तेच करा. दोन्ही लेन्स सारख्याच चुकल्या तर बहुतेक बॉडी, एकच चुकली तर लेन्स. आणि रोलरच्या मधोमध ॲलन की बसेल असा एक स्क्रू दिसतो, तो फिरवून अनंत जुळवायचे व्हिडिओ ढिगाने सापडतात. विकत घेण्याआधी तर हात लावूच नका, पण नंतरही जपून, त्या स्क्रूने अनंत जुळतं तसं जवळचंही हलतं, जवळची सेटिंग दांड्याच्या लांबीवर असते, आणि दोन्ही एकमेकांना ढकलत असल्यामुळे आलटून पालटून, परत परत जुळवत बसावं लागतं.